चंद्राच्या कला आणि भिंतीचा लोणा

अंबड तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या भिंतीवर मी निळ्या ऑइलपेंटने लिहिलं होतं : ‘पृथ्वीची सावली पडल्यामुळे चंद्राच्या कला दिसतात.’ नोकरीभर तेच शिकवलं.

माझी निवृत्ती जवळ आली असताना परतूरकडून एक तरुण शिक्षक बदलून आला. एका दुपारी त्याने मला मैदानात बोलावलं. पश्चिमेला सूर्य, पूर्वेला अर्धा चंद्र.

“गुरुजी, सूर्य आन् चंद्र दोन्ही वरच हायेत; पृथ्वीची सावली तर सूर्याच्या उलट्या बाजूला, आपल्या पायाखालच्या दिशेला पडती. मंग आपली सावली त्याच्यावर पडंल कशी? सावली पडती ती ग्रहणात. कला म्हंजे चंद्राची उजेडातली बाजू आपल्याला किती दिसती, एवढंच.”

मला पटलं, आणि म्हणूनच राग आला. हा उद्या पोरांसमोर बोलणार, असं मनाने घेतलं. मी त्याच्यावर नजर ठेवू लागलो. तो वर्गात हसला की वाटे, माझ्यावरच हसतोय. शाळा सुटल्यावर थांबला की वाटे, काहीतरी शिजतंय.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पाहतो तर भिंतीवरचा ‘सावली’ शब्द गेलेला. खाली पांढरी भुकटी. मी तडक मुख्याध्यापकांकडे गेलो.

“भिंत त्यानंच खरवडली.”

“बघितलं का तुम्ही, गुरुजी?”

“बघायला कशाला पाहिजे? सुट्टीत किल्ली कोणाकडं होती?”

मुख्याध्यापकांनी विचारल्यावर तो तरुण शिक्षक इतकंच म्हणाला, “गुरुजी, मला जे सांगायचं ते मी तुमच्या तोंडावर सांगितलं होतं.”

मी थांबलो नाही. चहाच्या टपरीवर बोललो, शाळा समितीत बोललो. गावाने त्याला ‘खरवडे मास्तर’ केलं. पुढच्या बदल्यांत त्याने स्वतःच दुसरं गाव मागून घेतलं. तो गेल्यावर मी ‘सावली’ पुन्हा लिहिली, मोठ्या अक्षरात.

यंदा झेंडावंदनाला गेलो. त्याच जागी रंग फुगून गळून पडला होता. तीच पांढरी भुकटी. हात लावला तर भिंत ओली. पलीकडे पाण्याची टाकी झिरपत होती. लोणा! ओलीने भिंतीला फुटणारा खार, जो रंग सोलून काढतो. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला भिंतीचा लोणा ओळखू येत नव्हता असं नाही. मला तेव्हा तो ओळखायचा नव्हता.

झेंडावंदन झाल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं : भिंत त्याने खरवडली नव्हती आणि चंद्राचंही त्याचंच खरं होतं.

“आता कशाला गुरुजी? जाऊ द्या की,” समितीतला एक जण म्हणाला.

मी तिथूनच त्या शिक्षकाला फोन लावला आणि हेच सांगितलं.

“आज एकदम कसं काय, गुरुजी? काय काम काढलं?”

“काम काहीच न्हाई.”

“बराबर,” तो म्हणाला, पण आवाजात भरवसा नव्हता. “अजून कोण कोण ऐकून राह्यलं तिथं?”