साडभाऊंबरोबर धबधब्याला

माझे साडभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांनी चारचौघांत माझी जितकी लाज काढली, तितकी वैऱ्यानेही काढली नसती. महाल या जुन्या वस्तीत जन्म गेलेल्या या गृहस्थांना परका माणूस ही गोष्टच ठाऊक नाही. बसमध्ये शेजाऱ्याने डबा उघडला की हे आत डोकावणार, "काय आणलं गा?" आणि त्याने भिडेखातर डबा पुढे केला की खरोखरच घास उचलणार. जरीपटक्याच्या बाजारात बायकोसाठी साडी घ्यायला गेले, तर पदर कसा पडतो हे पाहायला ती स्वतःच्याच खांद्यावर टाकून आरशासमोर उभे! वर हसणाऱ्या बायकांनाच विचारतात, "खुलून दिसते ना वं बाई?" मी शेजारच्या दुकानात जाऊन उगीचच बादल्या पाहत बसलो.

गेल्या वर्षी आम्ही दोघं स्कूटरने एका धबधब्याच्या खेड्याला गेलो. वाटेत एका घरापुढे मांडव होता, पंगत बसली होती. "लग्न दिसते," म्हणत साडभाऊ पानावर बसलेसुद्धा. मलाही ओढून बसवलं. दोन वडे पोटात जाताच त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "वडे झकास! पण नवरी कुठी आहे?"

वाढणाऱ्या बाईने दाराकडे बोट दाखवलं. तिथे खुर्चीवर एका म्हातारीचा हार घातलेला फोटो होता. तिची तेरवी होती.

"उठा साडभाऊ, निघू," मी मान खाली घालून त्यांची बाही ओढली. ते उठले, पण गेले ते फोटोशेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्यापाशी. हात जोडून म्हणाले, "बाबाजी, चुकलं. मले लग्न वाटलं."

"जेवून घ्या," म्हातारा हळूच म्हणाला. "पानावरून कोणी अर्धवट उठलं का तिले राग ये."

साडभाऊ तिथेच भुईवर बसले. "वडे असेच करे का ती?"

"हे काहीच नाही गा!" म्हातारा म्हणाला, आणि तिची डाळ, तिचा पाटा, तिचा राग असं एकेक सांगत सुटला. वाढणारी बाई हातातलं भांडं विसरून उभी राहिली. "बाबा बोलून राहिले," ती मला म्हणाली. "आई गेल्यापासून तोंड उघडलं नव्हतं त्यायनं."

आता मला माझीच लाज वाटू लागली.

उन्हं उतरल्यावर म्हातारा स्वतः आम्हाला धबधब्यापर्यंत घेऊन आला. दोघं पाण्याजवळच्या खडकावर बसले. साडभाऊ काहीतरी विचारत होते, म्हातारा हातवारे करून सांगत होता. पाण्याच्या आवाजात मला एक शब्दही ऐकू येत नव्हता.

"या ना गा इकडे!" साडभाऊंनी हात केला.

मी हसून ‘नको’ अशी मान हलवली आणि लांबच उभा राहिलो.