झेलिंदाची एका दिवसाची सहल

पोंतेरोसाच्या स्टेशनात माझं कॉफीचं दुकान आहे आणि समोरच्या गल्लीत झेलिंदाचं शिवणाचं. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, कोटाला नवं अस्तर लावणं अशी कामं ती करते. गावातले सगळे तिच्याकडे कपडेही टाकतात आणि तिची बोलणीही खातात. "एवढं पोट सुटेपर्यंत काय झोपला होतात का?" असं ती वकिलालाही तोंडावर विचारते. कोणाला भिऊन राहणारी बाई नाही ती.

पण दहा-अकरा वर्षांत ती माझ्या काउंटरच्या पलीकडे, फलाटावर कधी गेली नव्हती. का, ते फक्त तिच्या नवऱ्याला, रेमिजोला, आणि मला ठाऊक होतं.

तिचं माहेर कोल्मेन्या, आमच्या छोट्या रेल्वेचं शेवटचं गाव. त्याच्या अलीकडे लांब बोगदा आहे. आईला भेटून परत येताना एकदा त्या बोगद्यात वीज गेली आणि गाडी थांबली. दिवे गेले, रबर जळल्याचा वास डब्यात भरला, आणि कोणी येऊन काही सांगेना. किती वेळ गेला ते झेलिंदाला आजही सांगता येत नाही. "कोणीतरी बाई किंचाळत होती," ती मला म्हणाली होती, "आणि मला तिचा इतका राग येत होता. मग शेजारच्या माणसाने माझ्या तोंडावर हात ठेवला."

त्यानंतरच्याच हिवाळ्यात आई गेली. कोल्मेन्याला जाणारी खेचरांची जुनी पायवाट बर्फाखाली होती. मोटारीचा रस्ता तर रेल्वेपेक्षाही लांब बोगद्यातून जातो. झेलिंदा काळे कपडे घालून फलाटाच्या दारापर्यंत आली आणि तिथूनच मागे फिरली. थोरल्या बहिणीला, ओत्तावियाला, रेमिजोने फोनवर सांगितलं की तिला ताप आहे. ओत्ताविया म्हणाली, "तिला सांग, आता मी मेले तरी येऊ नकोस." बोलणं तुटलं ते तुटलंच. उन्हाळ्यात पायवाट मोकळी व्हायची, पण झेलिंदा कोणत्या तोंडाने जाणार?

गेल्याच्या गेल्या वर्षी नोव्हेंबरात ओत्तावियाचा स्वतःहून फोन आला.

"माझे डोळे चाललेत," ती म्हणाली. "समोरचं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. वसंत येईतो तेही जाईल म्हणतो डॉक्टर. तुझं तोंड एकदा बघायचंय. तुला जमणार नाही ते माहितीये मला. कधी जमलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी झेलिंदा माझ्या काउंटरशी आली आणि कॉफी न मागता उभी राहिली. "मला जायचंय," ती म्हणाली. "कसं ते तू सांग. तुझं अर्धं आयुष्य या गाड्यांची येजा बघण्यात गेलंय."

आम्ही तिघं बसलो. रेमिजो म्हणाला, "झोपेची गोळी घे आणि चल. डोळे उघडशील तेव्हा कोल्मेन्या."

"मला बटाट्याच्या पोत्यासारखं नेणार तू?"

"बटाटे निदान भांडत नाहीत."

मी साखरेच्या पुड्या काउंटरवर ओळीने मांडल्या. ही प्राता, हे सान आबोन्दियो, हे त्रेनेगो, ही शेवटची कोल्मेन्या. पहिल्या तीन गावांमधले बोगदे आखूड, डोळे मिटून उघडेपर्यंत संपणारे. मी म्हटलं, एका दमात जायचंच कशाला? प्रत्येक गावात उतरायचं, मोकळ्या हवेत फिरायचं, पुढची गाडी धरायची. पहाटे निघालो तर दुपारच्या जेवणाला कोल्मेन्या, संध्याकाळी तसंच टप्प्याटप्प्याने परत. रेमिजोला हे फार आवडलं. "परदेशी लोक याच सहलीसाठी अर्ध्या जगावरून येतात," तो म्हणाला. "प्रातामध्ये चर्चमधली चित्रं बघा, सान आबोन्दियोत चीज घ्या..."

"प्रातामध्ये मी शेळ्यांमागे पळालेय. तू मला चित्रं दाखवतोस?"

आठवडाभर हेच चाललं. शनिवार नको, स्कीवाल्यांची गर्दी. सोमवार नको, सान आबोन्दियोतलं एकुलतं हॉटेल बंद असतं आणि तिला मध्ये बसायला ऊब हवी. दाराजवळची जागा हवी. खिडकीशी नको, कारण बोगद्यात काचेत स्वतःचं तोंड दिसतं. गिऱ्हाइकाच्या पँटला टीप घालता घालता ती मध्येच उठून माझ्याकडे यायची आणि विचारायची, "आणि गाडी मध्येच थांबली तर?" मी म्हणायचे, "नाही थांबणार." ती म्हणायची, "तेव्हाही नव्हती थांबणार."

एका गोष्टीवर ती अडून बसली होती. ओत्तावियाला खरं सांगायचं नाही.

"सांगून टाक की," मी म्हटलं. "हसेल फार तर."

"हसली तर बरंच आहे. जेम्मा, तिने आईला एकटीने पोचवलंय. तिला मी काय सांगू, अंधाराला घाबरले?"

मंगळवारी आम्ही निघालो. रेमिजोला तिने घरीच ठेवलं. "तू बरोबर असलास की मला रडायला येतं," म्हणाली. दुकान भावजयीवर सोपवून मी तिच्याबरोबर गेले.

प्रातापर्यंत तिने माझ्या दंडावर नखांचे व्रण उठवले, पण उतरल्यावर चार पावलं चालून म्हणाली, "हां. जमलं." सान आबोन्दियोत तर तिने हॉटेलवाल्याच्या जाकिटाची बाही बघून त्याला विचारलं, "हे बटण कोणी लावलं? वैऱ्याने?" मला वाटलं, झालं आपलं काम.

त्रेनेगोला बर्फ होतं. तिथल्या फलाटावरून लांब बोगद्याचं तोंड सरळ समोर दिसतं, हे मी ठरवताना विसरलेच होते. गाडी आली. झेलिंदाने पायरीवर एक पाय ठेवला, दांडा धरला आणि तशीच उभी राहिली. गार्ड म्हणाला, "सिन्योरा, चढताय का?" तिने पाय खाली घेतला. गाडी गेली. पुढच्या गाडीला तर ती बाकावरून उठलीसुद्धा नाही. वेटिंगरूममध्ये शेगडी होती तरी तिचे दात वाजत होते. वर ओत्ताविया जेवण मांडून बसली असणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"फोन कर," मी म्हटलं.

तिने केला, आणि एका दमात सगळं सांगितलं. बोगदा, किंचाळणं, काळे कपडे, फलाटाचं दार. शेजारी बसून मला ओत्तावियाचा आवाज ऐकू येत होता.

"म्हणजे ताप नव्हता तुला?"

"नव्हता."

"एवढी वर्षं मी समजत होते, तुला आमची किंमत नाही."

"तावी..."

"गाढवे!" ओत्ताविया म्हणाली आणि फोन ठेवला.

झेलिंदा भिंतीकडे बघत बसली. मी खाली जाणाऱ्या गाडीची वाट बघू लागले. ती गाडी आली, तेव्हा गार्डच्या हाताला धरून एक उंच म्हातारी उतरली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. कोंबडी बघते तशी मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने तिने फलाट चाचपला आणि म्हणाली, "कुठंय ती?"

मिठी वगैरे काही झाली नाही. ओत्ताविया बाकावर बसली, झेलिंदाची हनुवटी धरून तिचं तोंड इकडून तिकडे फिरवून बघितलं आणि म्हणाली, "आईसारखी म्हातारी झालीस."

"तू काय कमी झालीस?"

मग जे भांडण झालं ते ऐकायला नको म्हणून मी बाहेर बर्फात जाऊन उभी राहिले, पण आवाज काचेतून येतच होता. ओत्ताविया सांगत होती की आईच्या उशाशी महिनाभर ती बसली, भरवलं, पुसलं, उचललं, आणि शेवटच्या दिवसांत आई हाका मारत होती त्या झेलिंदाला. "मी समोर असताना मला म्हणायची, झेलिंदा कुठंय? आणि मी म्हणायचे, येतेय, वाटेत आहे. रोज खोटं बोलले मी तुझ्यासाठी. आणि तू आलीच नाहीस." थोड्या वेळाने मी आत गेले तेव्हा दोघी पिशवीतलं पाव-चीज खात होत्या, एकमेकींकडे न बघता.

"चिडले होते," ओत्ताविया मला म्हणाली, "पण उपाशी असेल एवढं कळतं मला. तूही घे."

दुपार लवकर कलली. उजेड कमी झाला तसं ओत्तावियाला कडेचंही दिसेना. वर जाणारी गाडी आली. गार्ड पुढच्या डब्याशी कोणाचं तरी सामान चढवत होता. ओत्ताविया म्हणाली, "जाते मी. झालं बघून," आणि काठी टेकत निघाली, ती सरळ फलाटाच्या कडेकडे. तिथे बर्फाचं पाणी गोठलं होतं. तिचा पाय सरकला. झेलिंदाने धावत जाऊन तिला कमरेला धरलं, दारापर्यंत नेलं, पायरीवर चढवलं, मागून ढकलत आत घातलं. आणि दारं बंद झाली.

मी फलाटावर, झेलिंदाचा कोट आणि पर्स माझ्या हातात, आणि ती काचेच्या आत. तिचं तोंड मी विसरणार नाही. गाडी बोगद्यात शिरली.

पुढचं मला ओत्तावियाने सांगितलं. झेलिंदा जमिनीवर बसली, किंचाळली, गार्डच्या बुटांवर ओकली, ओत्तावियाच्या मनगटाला चावली. "मला बोगदा काय नि बाहेर काय, सारखंच होतं," ओत्ताविया म्हणाली. "पण ऐकायला येत होतं ना. तेव्हा मला समजलं, फोनवर तिने निम्मंसुद्धा सांगितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी झेलिंदा परत येणार होती. नाही आली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. कोल्मेन्याच्या फलाटावर तिने पुन्हा पाऊलसुद्धा टाकलं नाही. आमची एका दिवसाची सहल उभा हिवाळा चालली.

रेमिजो दर रविवारी वर जायचा. जाताना दुकानात साठलेल्या पँटी पोत्यात भरून न्यायचा, येताना शिवलेल्या आणायचा. सगळ्या पोंतेरोसाचे कपडे त्या हिवाळ्यात बोगद्यातून जाऊन येत होते. लोक हसायचे, रेमिजोही हसायचा, पण तो वाळत चालला होता. रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन उभ्याने सूप प्यायचा आणि म्हणायचा, "बायको पळून गेली असती तर निदान कोणाला तरी शिव्या देता आल्या असत्या."

वरही काही गोडीगुलाबी नव्हती. फेब्रुवारीत ओत्तावियाची नजर पूर्ण गेली. त्या दिवसांत तिने ताटं फेकली, झेलिंदाने चुलीवरचं भांडं जागचं हलवलं म्हणून ओत्तावियाचा हात भाजला, आणि मग ती दोन दिवस बोलली नाही. झेलिंदा घरातल्या प्रत्येक वस्तूची जागा ठरवून देत होती आणि स्वतःच विसरत होती. मी एकदा भेटायला गेले तेव्हा ती मला गोठ्यात घेऊन गेली, शेळीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "काल तिने मला विचारलं, तू माझ्यासाठी राहिलीयस की बोगद्यासाठी?"

"मग? काय म्हणालीस?"

"काही नाही. तिच्यासाठी म्हणाले असते तर तिला खोटं वाटलं असतं. बोगद्यासाठी म्हणाले असते तर तिने मला हाकलून दिलं असतं." तिने शेळीच्या पाठीवरची काडी उचलून टाकली. "खरं सांगू का जेम्मा, मला स्वतःलाच माहीत नाही."

जूनमध्ये बर्फ उतरलं तेव्हा रेमिजो गाडीने वर गेला आणि दोघं पायवाटेने चालत खाली आले. झेलिंदाचा गुडघा सुजून भोपळा झाला होता. ओत्तावियाने खाली यायला साफ नकार दिला होता. "इथे मला भिंती माहितीयेत," म्हणाली. शेजारची एक सून दोन वेळा येऊन बघून जाते, पण ती बाळंतपणाला माहेरी जाईल तेव्हा काय? झेलिंदा पुन्हा कधी गाडीत बसली नाही. भीती गेली वगैरे काही झालं नाही. उलट आता रुळांचा आवाज आला तरी ती शिलाई थांबवते. गुडघा उतरल्यावर त्याच उन्हाळ्यात ती पुन्हा पायवाटेनेच वर गेली, पोचायला दोन दिवस लागले, आणि पहिलं बर्फ पडायच्या आत तशीच उतरली. हिवाळ्यात फोन, आणि फोनवर भांडण.

या वसंतात पुराच्या पाण्याने त्या वाटेवरचा लाकडी पूल वाहून गेला. पंचायतीचं म्हणणं, या वाटेने हल्ली जातंच कोण? झेलिंदा दर सोमवारी पंचायतीच्या कचेरीत जाऊन बसते. काल सरपंच तिला म्हणाला, "अहो बाई, रेल्वे आहे की!" तिने त्याच्या कोटाची उसवलेली बाही हातात धरली आणि शांतपणे म्हणाली, "पूल होईपर्यंत ही मी शिवणार नाही. आणि दुसरं कोणी शिवणारं या गावात नाही." मग घरी येऊन खूप वेळ रडली, असं रेमिजो सांगत होता. जून तोंडावर आलाय, आणि नदीला अजून उतार नाही.