दीड फूट कातडं

छापून आलेली बातमी दुसऱ्या दिवशी संपते. दुकानदार तिच्यात शेंगदाणे बांधतो. न छापलेली मात्र डोक्यात बसून राहते आणि तिच्या शेजारी दुसरी येऊन बसते. माझ्या डोक्यातल्या या गर्दीत एक अख्खा बाक रत्नागिरीच्या दत्ताराम पेटीवाल्याने अडवलाय.

गोष्ट चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीपासूनची. दत्ताराम बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचा. बातम्या देऊन झाल्या की मी त्याच्या दुकानात स्टुलावर बसून सरकारला शिव्या द्यायचो. तो पेटीच्या पोटात डोकं घालून "हां भाऊ, हां भाऊ" म्हणायचा.

कोकणात गणपतीत घरोघर भजन, म्हणजे श्रावणात त्याच्याकडे पेट्यांची रांग. पेटीच्या भात्याचे सांधे आणि आतल्या झडपा मऊ कातड्याने मढवतात. झुरळांना ते फार आवडतं! कातडं गेलं की वारा सुटतो, वारा सुटला की सूर गेला. एका पेटीला लागायचं दीड फूट कातडं. आणि दीड फूट विकायला अख्ख्या मुंबईत कोणी तयार नव्हतं.

*

व्यापाऱ्यांना पत्रं टाकली. सगळ्यांचं उत्तर एकच : "किमान एक गठ्ठा घ्यावा लागेल."

गठ्ठ्यात दत्तारामाचा जन्म निघाला असता. मी भडकलो. "ह्यांच्यावर अग्रलेखच लिहितो!"

"भाऊ, त्यापरीस पत्र लिवा. सॅम्पल मागवा."

सॅम्पलं आली. तळहाताएवढे तुकडे, लाल, हिरवे, जांभळे, एक तर चक्क सोनेरी! दत्तारामाने ते जोडून भिकाजीबुवांची पेटी मढवली. बुवा सावर्ड्याकडचे भजनी बुवा. आवाज पहाडी, स्वभाव त्याहून पहाडी. त्यांनी भाता उघडला आणि बघतच राहिले.

"दत्ताराम, ही पेटी हाय का गोधडी?"

"वाजवून तर बघा."

बुवांनी सूर धरला. वारा कुठूनही सुटेना. डोळे मिटूनच म्हणाले, "ऊब हाय रे गोधडीला!"

*

पुढच्या वर्षी सॅम्पलं बंद, "ऑर्डर कधी देता?" अशी पत्रं सुरू. मग मीच दत्तारामाला घेऊन मुंबई गाठली.

पहिल्याच दुकानात शेटजींनी मान वर केली नाही. "दीड फूट? बाहुलीचे बूट शिवताय काय?"

मी प्रेसकार्ड गादीवर आपटलं. "मी पत्रकार आहे!"

शेटजींनी कार्ड वाचलं, उलटून पाहिलं, नीट माझ्या हातात दिलं. "मग साहेब, पेटीला कागदच लावा ना!"

परतीच्या एसटीत दत्ताराम चिपळूण येईपर्यंत हसत होता. मी रत्नागिरी येईपर्यंत मनात अग्रलेख लिहीत होतो.

*

कातडं नाही म्हणून एका पेटीला रेक्झिन लावलं. गिऱ्हाईक होते एक निवृत्त हेडमास्तर. ते खूश! "बरं केलंस. देवापुढे कातडं नकोच."

मला राहवेना. "मग मृदंग कशाने मढवतात, गुरुजी? केळीच्या पानाने?"

मास्तर पेटी घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी पेटी परत. दमेकऱ्यासारखी धापा टाकत होती. मास्तरांनी आधी मी दुकानात आहे का ते पाहिलं. होतो. तरी हळूच म्हणाले, "दत्ताराम, ते मृदंगाला असतं ना... तेच लाव बाबा."

*

मग एकदा एका सभेच्या बातमीसाठी राजापूरला गेलो आणि चपलेचा अंगठा तुटला. बाजारपेठेत गफूरचाचांचं कातड्याचं दुकान होतं. सत्तरी गाठलेले, आसपासच्या चांभारांना माल देणारे. अंगठा बसवून होईतो मी खवचटपणे विचारलं, "दीड फूट कातडं विकता का?"

"पाऊण फूट होवा तर तेही देतो. कशाला होवा?"

"रत्नागिरीला आमचा दत्ताराम आहे. त्याला पेटीच्या भात्यासाठी."

चाचांनी एक कातडं ओढलं, ओठांना लावलं, पलीकडे तळवा धरला आणि जोरात फुंकर मारली. "हे वारा सोडतं." दुसरं. "हेही." तिसरंही बाजूला फेकलं.

माझी बस चुकत होती. "अहो, मी पैसे देतोय ना? द्या कुठलंही!"

"पैसे तुम्ही देणार. शिव्या तो दत्ताराम खाणार. त्याचा काय गुन्हा?"

चौथं कातडं पास झालं. बस गेली. इतकी वर्षं मी दुकानदारांशी भांडत आलो. त्या दिवशी पहिल्यांदाच भांडायला काही सापडेना.

तेव्हापासून दत्तारामाचं कातडं एसटीने यायला लागलं. गुंडाळी कंडक्टरच्या हाती, दीड फूट म्हणजे दीड फूट, फुंकून पाहिलेलं.

*

उपकार फेडावेत म्हणून मी चाचांवर अर्धा कॉलम लिहिला. पंधरा दिवसांनी कौतुक ऐकायला राजापूरला गेलो, तर चाचा तापलेले.

"पेपरवाले, काय लिवलंत हे? बॅगांचे कारखानेवाले माल मागतात. नाय म्हणायला मना पोस्टकार्डं आणायला लागली!"

"अहो, मग द्या की! मोठी ऑर्डर आहे."

"सगळा माल त्यांना गेला तर? त्यांना देणारे पुष्कळ हायत. दत्तारामाला कोण हाय?"

*

चाचांचा मुलगा कुवेतला होता. त्याने बापाला लेदरचं जॅकेट पाठवलं. काळं, लोण्यासारखं मऊ मेंढीचं कातडं. त्या वर्षी ईद ऐन मे महिन्यात आली. मी शिरखुर्मा खायला गेलो, तर चाचा गळ्यापर्यंत बटणं लावून दारात उभे! टोपीतून घाम गळत होता.

"चाचा, उकडत नाही?"

"पोरानं पाठवलंय. उकडेल कसं?"

*

त्याच पावसाळ्यात बुवांची गोधडी फाटली. बुवाही खचले होते. चार पायऱ्या चढून दुकानात आले आणि धापा टाकत स्टुलावर बसले.

"यंदाचं शेवटचं भजन, दत्ताराम. माझा भाता फुटत चाललाय. पेटीचा तरी नीट कर."

दत्तारामाने जुनं कातडं खरवडून काढलं आणि राजापूरला निरोप धाडला. उलट निरोप कंडक्टरनेच आणला : अर्जुना नदीला पूर, दुकानात छातीएवढं पाणी, सगळा माल कुजला, चाचा माफी मागतात.

गणपतीला आठ दिवस. मी मुंबईला तारा केल्या, ओळखीपाळखीच्या सगळ्यांवर ओरडलो. उपयोग शून्य. दत्ताराम उघड्या पेटीसमोर हात मांडीवर ठेवून बसलेला. त्याला तसं रिकामं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

चार दिवस राहिले असताना राजापूरच्या गाडीच्या कंडक्टरने गुंडाळी आणून दिली. आत काळं कातडं, लोण्यासारखं मऊ. दत्तारामाने ओठांना लावून फुंकलं. पलीकडे माझ्या तळव्याला काही लागलं नाही.

"एक नंबर माल, भाऊ!" म्हणत त्याने ते पाटावर पसरलं आणि कात्री उचलली. तशीच खाली ठेवली. कातड्याच्या कडेला ओळीने चार काजं होती.

बुवांनी त्या गणपतीत पाचही दिवस भजन केलं. पेटीने एकदाही धाप टाकली नाही.

पुढच्या ईदला मी आणि दत्ताराम दोघेही राजापूरला गेलो. पुन्हा मे महिना. चाचा पांढऱ्या सदऱ्यात दारात उभे होते. दत्तारामाने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. शेवटी मीच विचारलं, "चाचा, जॅकेट?"

"काय सांगू, पेपरवाले," चाचा म्हणाले, "फार उकडायचं त्यात!"