सर्दीत गायलेलं गाणं

आमच्या नाटक कंपनीत तिला सगळे ‘तंबोरा’ म्हणत. नायिका रंगमंचावर जाण्याआधी ही बाई विंगेत उभी राहून तिच्या कानाशी हळूच ‘सा’ धरायची. माझ्यासारख्या राजाच्या भूमिका करणाऱ्या गद्य नटालाही तिने कितीदा तरी सुरात आणून सोडलं. टाळ्या मला पडायच्या आणि मी त्या निर्लज्जपणे घ्यायचो. तिचं नाव जाहिरातीत कधी आलं नाही. “बरंच आहे,” म्हणायची, “छापणारे चुकीचं छापतात. मी एकवेळ चुकीचं नाव सोसेन, चुकीचा सूर नाही.”

बहिणीच्या मागे तिच्या मुलाला हिनेच वाढवलं. त्याला मांडीवर घेऊन पेटीपुढे बसायची. स्वयंपाकघरात चमचा पेल्यावर आपटला, तरी पोरगा आतल्या खोलीतून सूर सांगायचा. असा कान तिने तयार केला. पुढे तो चित्रपटांना संगीत द्यायला लागला, तेव्हा ही महिनाभर जमिनीच्या वर चार बोटं चालत होती.

एका विनोदी चित्रपटात त्याला आजीच्या पात्राचं गाणं हिच्याकडून हवं होतं. हिला तेव्हा भयंकर सर्दी.

“मावशी, नुसती चाल टिपून ठेवतो गं. हे कच्चं. तुझं नाक मोकळं झालं की पक्कं करू.”

हिने रुमाल हातात धरून गाऊन दिलं. वरचा सूर घसरला, मध्ये एक शिंक अर्धवट दाबली गेली. मग पक्क्या गाण्यासाठी आंबट बंद, थंड पाणी बंद, सकाळ-संध्याकाळ गुळण्या. बोलावणं काही आलं नाही. थेट अल्बम आला.

“राजे, या लवकर,” तिने मला बोलावलं. दोघं मोबाइल मध्ये ठेवून बसलो. तिसरं गाणं लागलं आणि तिचा चेहरा उतरला. तेच कच्चं गाणं! ती शिंक तर ढोलाच्या ठेक्यावर पुन्हा पुन्हा घेतलेली. खाली तिचं नाव मात्र अचूक.

श्रोत्यांची मतं मीच वाचून दाखवली. ‘आजी एक नंबर बेसूर!’ ‘शिंक ऐकून पोट दुखलं.’ ‘बाकी अल्बम ठीकठाक, पाच तारे फक्त आजीला.’

“अहो, पाच तारे!” मी म्हणालो.

“भर दरबारात तुमची मिशी गळून पडली होती, तेव्हाही लोक असेच खूश झाले होते.”

तिने भाच्याला फोन लावला.

“मावशी, अगं लोक वेडे झालेत! अख्ख्या अल्बममध्ये तुझंच गाणं चाललंय.”

“ते कच्चं होतं ना रे?”

“त्यातच तर मजा आहे.”

“मला विचारायचंस.”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणूनच विचारायचंस.”

तो वरमला असावा. दुसऱ्याच आठवड्यात त्याने तिला बोलावून गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. मी काचेपलीकडे बसलो होतो. वरचा सूर तिने असा लावला, की बटणांपुढे बसलेला माणूस हातातला चहा प्यायचा विसरला. ते गाणंही अल्बमला जोडलं गेलं. त्या दिवशी तिने मला दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा साखर विसरली.

मग त्याखाली मतं आली. ‘ही नक्कल कोण करतंय?’ ‘गळा बरा आहे, पण आजीची सर नाही.’ ‘आमची खरी आजी परत आणा!’

काही दिवसांनी पाहतो तर ते दुसरं गाणं अल्बममधून गायब. तिला कुणी कळवलंही नव्हतं. तिने माझ्यासमोरच पुन्हा फोन लावला. आवाज अजिबात चढवला नाही.

“काढलंस?”

“मावशी, लोकांनाच नको होतं. मी काय करू?”

“लोकांचं राहू दे. तुला कुठलं आवडलं?”

तो लाडात येऊन म्हणाला, “मला काय, तुझी दोन्ही सारखीच आवडतात.”

तिने फोन ठेवला. त्याने फसवलं, असं ती त्या दिवशी म्हणाली नाही आणि नंतरही कधी म्हणाली नाही. फक्त घरात कुणी गेल्यासारख्या आवाजात म्हणाली,

“कान गेला हो पोराचा.”