न ऐकलेली टेप

कोणी जुनी टेप घेऊन दुकानात आलं, की भाऊ आधी तिच्यावर पंजा ठेवायचा. गिऱ्हाइकानं ती परत उचलू नये म्हणून. आणि म्हणायचा, "ऐकाचं नाही. आधी नक्कल, मंग अक्कल."

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत त्याचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याला लागून माझं वह्या-पेनांचं. मधली भिंत इतकी पातळ, की त्याच्याकडचा रेडिओ बरा झाल्याचं कधीकधी मलाच आधी कळायचं. अख्खी गल्ली त्याला भाऊ म्हणे, मीही म्हणे. ऐंशी सालाच्या आसपासचे दिवस. मोठ्या चकत्यांचे टेपरेकॉर्डर माळ्यावर चालले होते आणि घरोघरी कॅसेट आली होती. चकतीवरची टेप चिरकायला लागली, की लोक भाऊकडे धावत. म्हणत, जीव जायच्या आत यातलं काय ते कॅसेटवर उतरवून द्या.

तुम्ही-आम्ही काय करू? आधी लावून बघू, शिल्लक आहे का काही. भाऊ ते करू देत नसे. जुनी टेप फिरली, की तिच्यावरचा लेप थोडा झडतो, आणि आवाज तर त्या लेपातच असतो. मग ती उगाच कशाला फिरवायची? फिरेल ती कॅसेटवर उतरतानाच फिरेल, असा त्याचा कायदा.

एकदा एक जावईबापू सासऱ्यांच्या एकसष्टीचं भाषण घेऊन आले. म्हणाले, "थोडं ऐकवा तरी. टेप तीच आहे का बघतो."

"सासरे होते तेव्हा ऐकलं नसन ना?" भाऊ म्हणाला. "मंग आता काहून घाई करून राहिले?"

उतरवून झाल्यावर कळलं, टेप भलतीच. भाषण नव्हतंच, कुणाच्या तरी बारशातला पाळणा होता. जावयानं तरी ती कॅसेट आनंदानं नेली. भाषणापेक्षा हे बरं, म्हणाला.

अशी लोकांची टर उडवणारा हा माणूस एका टेपेचं नाव निघालं, की गप्प व्हायचा. ती त्याची स्वतःची होती. त्याला एकुलती एक मुलगी होती. सात-आठ वर्षांची असताना ती काविळीनं गेली. त्याच्या थोडं आधी, दुरुस्त केलेलं मशीन तपासायला म्हणून त्यानं तिच्यापुढे माइक धरला होता. पोरीचा आवाज जगात तेवढाच उरला होता.

त्याची बायको, आमच्या वैनी, दर सणाला म्हणायच्या, "मले एकडाव ऐकू द्या."

"झडन वं ते. चांगली मशीन येऊ दे, नक्कल करतो, मंग रोज ऐक."

चांगलं मशीन आलं, त्याहून चांगलं आलं. नक्कल काही होईना. मी त्याला एकदा छेडलंच, की लोकांच्या सासऱ्यांना वाचवतोस आणि घरची टेप तशीच? तो बराच वेळ कापसाच्या बोळ्यानं कुठलंसं मशीन पुसत राहिला. मग म्हणाला, "लावली, आन् तो आवाज आपल्या पोरीचा वाटलाच नाही तं?" त्यानंतर मी विचारलं नाही.

शेवटी वैनीच उठल्या. एक उन्हाळा सरल्यावर, भरदुपारी, टेपेचा डबा पदराखाली धरून दुकानात आल्या. "आता पुरं झालं. आज लावा." भाऊनं भिंतीवर थापा मारून मला बोलावलं. "ये गा. मले एकट्याले होत नाही."

त्यानं डबा उघडला. चकतीच्या कडेनं पांढरी बुरशी धरली होती. टेपेचे थर ओल्या पापडांसारखे एकमेकांना चिकटले होते.

"कुठं ठेवत होती वं?"

"कूलरपाशी, कोनाड्यात. तुम्हीच तं लोकायले सांगता, गरमीनं टेप मरते. घरात सगळ्यात थंडी जागा तेच."

नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे, त्यांना यात वैनींचं काही चुकलं असं वाटणार नाही. आम्ही तिथंच निजतो, लोण्याचं भांडंही तिथंच ठेवतो. पण कूलरच्या ओल्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांची ओल दर उन्हाळ्यात त्या चकतीत मुरत गेली होती. भाऊनं माझ्याकडे पाहिलं. मग वैनींना म्हणाला, "बराबर केलं."

चकतीचं मशीन कॅसेटच्या मशीनला जोडायची वायर नेमकी त्या दिवशी दगा देत होती. म्हणून त्यानं चकतीच्या मशीनच्या स्पीकरपुढे कॅसेटच्या मशीनचा माइक ठेवला, कॅसेट चालू केली आणि बोलू नका अशी खूण केली. आधी नुसती खरखर आली. मग अगदी जवळून, "बाबा, फिरून राहिली ना टेप? मी काय बोलू?"

वैनींनी भिंतीला हात टेकला. आवाज पोरीचाच होता. आणि लगेच टेप करकरली, तपकिरी भुकटी खाली पडली, थर उचकटताना टेप फाटली. भाऊनं जोडली. पुन्हा फाटली. पुन्हा जोडली. मग टेप फिरली, पण तिच्यात काही नव्हतं.

"काय झालं?" वैनी म्हणाल्या. "माझ्यानं तं नाही ना काही झालं?"

"नाही वं. मशीननं खाल्ली. माझीच चूक."

वैनी तोंड धुवायला बाहेर नळावर गेल्या. भाऊ हळूच म्हणाला, "कूलरच्या ओलीनं गेली गा. तिले सांगू नको. मरून जाईन ते." मग त्यानं दोन्ही मशीनं बंद केली. वैनी परत आल्यावर कॅसेट काढून त्यांच्या हातात दिली. एवढंच आलं, म्हणाला.

त्या दिवसापासून त्यानं टेपा घेणं बंद केलं. गल्लीत कोणी विषय काढला, की स्वतःच पुढे होऊन सांगायचा, पोरीची टेप मी खाल्ली म्हणून. वैनी शेजारी असल्या तर मुद्दाम मोठ्यानं. माणूस वाळत गेला. दोन-तीन हिवाळ्यांनंतर एका सकाळी दुकान उघडलं नाही. दुपारी आम्ही त्याला अंबाझरीच्या स्मशानघाटावर नेलं.

तेरवीनंतर मी वैनींना भेटायला गेलो. त्यांनी कॅसेट लावली. पोरीचं ते वाक्य आलं. करकर आली. वैनींचा स्वतःचा प्रश्न आला, "नाही वं" आलं. कॅसेट त्यांनी बंद केली नाही. थोड्या वेळानं भाऊचा आवाज आला, दबका, पण साफ: कूलरच्या ओलीनं गेली गा. तिले सांगू नको.

त्या दुपारी माइक चालूच होता.

"मी त्याच दिवशी घरी लावून ऐकलं होतं, भाऊजी," वैनी म्हणाल्या. "त्यायले कळू नाही दिलं. ते माझ्यापायी बोल घेत राहिले, आन् मी घेऊ दिला. मले माहीत हाये म्हटलं असतं, तं त्यायले काय उरलं असतं?"

मला दोघांचाही राग आला, आणि दोघांसाठी रडूही आलं.

वैनींनी कॅसेट मागे नेली आणि पुन्हा लावली. रोज अशीच लावत असणार. पोरीचं वाक्य आता थोडं ओढल्यासारखं, जड येत होतं.

"आवाज जाड होऊन राहिला काय, भाऊजी?"

"नाही वैनी," मी म्हणालो. "तसाच आहे."