इर्जिक की मजूर

मॅडमच्या भुकूमच्या फ्लॅटवर मी आठवड्यातून दोनदा जाते. त्या फोटोग्राफर आहेत. मुळशी खोऱ्यात काढलेले त्यांचे हजारो फोटो एका वेबसाइटवर विकायला ठेवायचे आहेत, आणि प्रत्येक फोटोखाली एक ओळ आणि काही कीवर्ड घालायचं काम माझ्याकडे आहे. कीवर्ड नसेल तर फोटो कुणाला सापडत नाही. मॅडम म्हणतात, न सापडणारा फोटो काढलाच नाही असं समजायचं. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मीच पहिली, त्यामुळे कुठलंही काम हातात आलं की हे आपल्याला जमतंय ना, ही धाकधूक आधी सुरू होते.

काम तसं सोपं. एकसारखे फोटो एकदम निवडायचे, शब्द एकदाच टाईप करायचा, तो सगळ्यांना लागतो. दिवाळीनंतर पावसाळ्यात काढलेले भात लावणीचे फोटो आले. मॅडमनी ओळ आधीच लिहून दिली होती : ‘भात लावताना महिला मजूर, मुळशी’. मी सगळे निवडले आणि बटण दाबण्याआधी सहज एक उघडून पाहिला. माले या आमच्या गावातलं आमचंच वावर होतं. चिखलात वाकलेल्या रांगेत दुसरी माझी आई होती.

आमच्याकडे लावणीला इर्जिक असते. आज सगळ्यांनी आमच्या वावरात यायचं, उद्या आम्ही त्यांच्या. पैसे नाहीत, ज्याचं वावर त्याच्याकडे जेवण. आई स्वतःच्या वावरात मजूर कशी होईल? मी ‘मजूर’ खोडलं, ‘इर्जिक’ लिहिलं आणि सगळ्या फोटोंना लावून टाकलं. परत येताना एसटीत उभं राहूनही बरं वाटत होतं, पण पिरंगुट येईपर्यंतच. मॅडमना न विचारता बदललं, त्या काय म्हणतील? आणि हा शब्द शोधणार तरी कोण? बसायला जागा मिळाली तरी बसवेना.

घरी आईला मोबाईलवर तो फोटो दाखवला, आधीची आणि बदललेली ओळ वाचून दाखवली.

“मजूर काढलंस ते ब्येस केलंस,” ती म्हणाली. “पर ही समदी इर्जिक न्हाई. माज्या बाजूला कोन हाय बग.”

शेजारच्या काकू होत्या.

“तिनं वावर इकलं न्हवं का बंगलेवाल्याला? मग इर्जिकीला कशी येनार? फेडायला आमी कुटं जायाचं? त्येच्या लॉनवर भात लावायचा व्हय?”

“मग?”

“मग काय. रोजानं बोलावतो तिला. तिच्यावानी अजून हायेत.”

म्हणजे मी एक चूक काढून तेवढीच मोठी दुसरी सगळ्या फोटोंना चिकटवली होती. पुस्तक उघडलं, मिटलं. अंगणात दोन चकरा मारल्या. शेवटी सकाळी काकूंच्या ओट्याशी गेले. कसं विचारावं ते कळत नव्हतं.

“काकू, फोटोखाली तुम्हाला मजूर लिहिलं तर... म्हणजे, वाईट वाटेल का?”

“वाईट कशापाई? मजूरच लिव. राबती, रोज घेती. इर्जिक लिवलंस तर उद्या समदी फुकाट बोलावत्याल मला.”

आमच्या दारातून आई म्हणाली, “इतकी वर्सं फुकाटच येत हुतीस की.”

“तवा तू बी येत हुतीस माज्याकडं.”

आईने सूप उचललं आणि तांदूळ पाखडायला लागली. काकू हसून आत गेल्या. मला मात्र कुणीतरी अजून काही बोलावं असं वाटत राहिलं.

पुढच्या खेपेला मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“अगं, पण एका फोटोत दोन्ही कसं लिहिणार? एक काहीतरी ठरव. इर्जिक तर कुणी शोधणारही नाही.”

“नसेल शोधत,” मी म्हटलं. आवाज फार खाली गेला होता. “पण दोन्ही ठेवूया, मॅडम. आईला मजूर चालत नाही. आणि काकूंना दुसरं चालत नाही.”

उद्यापासून येऊ नकोस, असं ऐकायची मी तयारी करत होते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“बरं. पण मग एकेक उघडून करायचं. सगळे एकदम निवडायचे नाहीत. आणि संध्याकाळी अपलोड करायचंय.”

मी एकेक उघडू लागले. पावसात डोकी प्लॅस्टिकच्या कागदाखाली होती, चेहरे खाली. कुणी बांगड्यांवरून कळत होतं, कुणी पदर खोचायच्या पद्धतीवरून. मग एक फोटो असा आला की त्यात एकच बाई होती : वाकलेली पाठ, त्यावर निळा कागद आणि चिखलात गेलेले हात. मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. आईची पाठ मला ओळखू येऊ नये? घरी फोन लावला.

“आई, लावणीत निळा कागद कुणाचा होता गं?”

“माजा बी आन् तुज्या काकूचा बी. एकच आनला हुता, मदोमद फाडून घेतला. का गं?”

“काही नाही.”

तो फोटो मी बाजूला ठेवला. मॅडमनी आतून विचारलं, झालं का सगळं. मी म्हटलं, एक राहिलाय.