कच्चा लाल

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आंबागडला माहेरी सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही फार चांगले आहात म्हणून नव्हे — तुम्ही माझे कोणी लागत नाही म्हणून. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या.

परवा माझ्या नणंदेचा, कल्पनाचा, फोन आला. तिच्या मुलीचं लग्न ठरलंय. "वहिनी, रुखवतासाठी पोरगी कापडावर बाग भरून राहिली. रंग तुमीच निवडून द्या. तुमच्याशिवाय कोनावर भरोसा नाही मले." माझ्यावर भरोसा? तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

कल्पना मला कधीच आवडली नाही. आजही आवडत नाही, खोटं कशाला बोलू? माझ्या लग्नात रुखवताच्या टेबलावर मी स्वतः विणलेलं तोरण होतं. ही तेव्हा बारा वर्षांची. सगळ्या बायांसमोर बोट दाखवून म्हणाली, "हे तं बाजारातून आनलेलं दिसते." बाया हसल्या. लेकरू होतं, विसरून जावं — हो ना? मी नाही विसरले. दहा वर्षं मनात धरून ठेवलं.

मग तिचं लग्न ठरलं आणि वरठीच्या आमच्या घरात जाळीच्या कापडावर बाग भरायला घेतली. टाके आणि रंग निवडायचे मी, कारण नजर माझी. भरायचं तिने, कारण नाव तिचं. आणि ऐका, निवडताना मी काही कसूर ठेवली नाही. गवताला एक हिरवा चालत नाही — उन्हातलं पोपटी, झाडाखालचं काळपट, मधलं शेवाळी. पायवाटेला तिरपा टाका, म्हणजे ती लांब जाताना दिसते. झेंडूला गाठीचा टाका, फूल बोटाला लागलं पाहिजे. तळ्याला आडवे लांब टाके, निळ्यात एक राखाडी धागा मिसळून. आठ महिने ती भरत होती. घरी येणारी प्रत्येक बाई म्हणायची, कल्पनाच्या हातात जादू आहे. आणि ती? मान खाली घालून हसायची. रंग वहिनीचे आहेत, असं एकदाही तिच्या तोंडून निघालं नाही.

शेवटी राहिले गुलाब. लाल धाग्याच्या दोन लडी माझ्याकडे होत्या. लाल आधी तपासायचा असतो, हे भरतकाम करणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं — धागा ओला करायचा, पांढऱ्या कापडावर घासायचा. मी तपासला. एक पक्का निघाला. दुसऱ्याने माझा रुमाल लाल केला.

मी तिला दुसरी लड दिली.

भरून झालेलं काम काचेत बसवण्याआधी धुतात. सासूबाई म्हणाल्या, मी धुते. लेकीचं काम दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला त्यांचं मन होईना. धानाच्या रोवण्यात आयुष्य गेलेल्या बाईचे राठ हात ते, पण कापड असं धरलं होतं जसं आंघोळीचं तान्हं लेकरू. रिठ्याचं पाणी केलं. मी शेजारीच उभी होते. तेव्हाही बोलता आलं असतं. काहून नाही बोलले? बोलायचं नव्हतं म्हणून. गुलाबांचा लाल गवतात उतरला, पायवाटेवर आला, तळं गुलाबी झालं.

मला वाटलं होतं कल्पना रडेल, चारचौघांत फजिती होईल, माझं फिटेल. पण ती आईवर उलटली. "तुनंच नास केला, माय. गरम पान्यात टाकलं तुनं." रुखवतात बाग नव्हती. सासरी गेली ती आईशी न बोलता. पुढे दिवाळीला यायची, सगळ्यांशी बोलायची, पण आईने पुढे केलेला पाण्याचा गडवा घ्यायची नाही. वर्षानुवर्षं. मी स्वयंपाकघरातून पाहत राहायचे.

सासूबाईंनी त्यानंतर आपल्या लुगड्याखेरीज कोणाचंच कापड धुतलं नाही. शेवटच्या आजारपणात त्यांनी मला जवळ बोलावलं. "तू होती ना वो तिथं. खरं सांग, पानी गरम होतं काय?"

माणूस जायला टेकलेलं. एक "नाही" पुरलं असतं. आणि मी काय म्हणाले असेन, सांगा?

"होतं थोडं," म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. कल्पना पोचली तेव्हा त्या गेल्या होत्या. तोरणाचा राग माझा कल्पनावर होता. सासूबाई मला कधी एक वाकडा शब्द बोलल्या नव्हत्या.

पाणी थंड होतं. मीच हात घालून पाहिलं होतं.